मला कुणी उघडून वाचलं नव्हतं

माझं नाव काळी. पाठीवर पांढऱ्या पेनाने तसं लिहिलंय, आणि रंगानेही मी काळीच, म्हणून नावावरून भांडण नाही. मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे. तळहातावर मावते. एक वायर, एक बारीक निळा दिवा, झालं.

आता तुम्ही म्हणाल, हिची काय गोष्ट असणार? मलाही तेच वाटायचं. कारण माझ्या पोटात काय आहे ते माझं मलाच माहीत नव्हतं. खरं सांगते. हंड्याला विचारा, तुझ्यातलं पाणी गोडं की मचूळ? त्याला कुठे ठाऊक. भरणाऱ्याला ठाऊक आणि पिणाऱ्याला ठाऊक. मला भरणारे होते. पिणारं कुणी आलंच नव्हतं.

माझा जन्म लांबच्या कुठल्यातरी कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण नव्हता, एवढं आठवतं. कारण नंतर नुसती धूळच बघितली. खोक्यातून मी डहाणू स्टेशनजवळच्या एका दुकानात आले. शेजारच्या खोक्यात माझ्यासारखीच एक होती, पण लाल. मनिषने आम्हा दोघींना एकदमच उचललं. तिचं नाव पडलं तांबडी, माझं काळी. त्याच्या घरी गायींची नावं अशीच होती म्हणे.

मनिष तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. कॉम्प्युटर तो कुठल्या क्लासात शिकला नाही. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, थांबवायचा, करून बघायचा, बिघडवायचा, परत करायचा. असं करत करत तो भारतीताईच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळायला लागला.

कारखाना वाढवणच्या रस्त्याला. मोठा नाही. तिथे डाय बनतात. डाय म्हणजे पोलादाचा ठोकळा, त्यावर नक्षी खोदलेली. सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवतो, दाबतो, आणि पत्र्यावर फूल उठतं. तुमच्या आईच्या कानातलं फूल कदाचित अशाच एखाद्या ठोकळ्यातून आलं असेल. भारतीताईचे वडील सुदामकाका आयुष्यभर छिन्नीने डाय खोदत आले. पुढे त्यांची नजर गेली, म्हणजे समोर माणूस आहे एवढं दिसतं, कोण आहे ते आवाजावरून. मग भारतीताईने मशीन आणलं. ती कॉम्प्युटरवर चित्र काढते, मशीन पोलादावर कोरतं. काकांची जुनी कागदावरची चित्रंही तिने एकेक करून कॉम्प्युटरमध्ये चढवली. ते कागद नंतर वाळवीने खाल्ले. डाय तर कधीच सोनारांकडे गेलेल्या. म्हणजे काकांचा सगळा हात आता त्या एका सर्व्हरमध्ये होता. सर्व्हर म्हणजे काय, तर कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांचं एकच सामाईक कपाट.

आणि कपाट जळलं तर? त्यासाठी आम्ही दोघी.

संध्याकाळी मशीन थांबलं की बॅकअपचं सॉफ्टवेअर जागं व्हायचं. दिवसभरात सर्व्हरवर जे जे बदललं ते उचलायचं आणि आमच्यापैकी एकीत उतरवायचं. निळा दिवा लुकलुकायचा. मला गुदगुल्या व्हायच्या. आज काय आलं बरं? फूल? मासा? बिल? काही कळायचं नाही, सगळं गाठोडं बांधलेलं. काम संपलं की स्क्रीनवर हिरवी खूण यायची. मनिष ती बघायचा आणि चप्पल घालायचा.

एक नियम त्याने कटाक्षाने पाळला होता. आम्ही दोघी एका छताखाली राहायचं नाही. एक आठवडा मी कारखान्यात आणि तांबडी तलासरीला, मग अदलाबदल. शनिवारी मनिष मला रुमालात गुंडाळून खिशात टाकायचा आणि मोटारसायकलला किक मारायचा. डहाणू, मग चारोटी, मग हायवे. विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या देवळासमोरून जाताना एक हात हँडलवरून उचलून छातीला लावायचा, गाडीचा वेग मात्र तोच. माझी तेवढ्यापुरती धडधड व्हायची.

घरी त्याची आई, बायजी, मला पत्र्याच्या पेटीत ठेवायची. खाली तिची चांगली साडी, वर मी, शेजारी वालाचं बियाणं.

"काय रे, आज काय भरून आणलंस हिच्यात?" ती दर वेळी विचारायची.

"काम आहे आई. आठवड्याचं काम."

"आठवड्याचं? वजन तर तेवढंच लागतं." ती मला हातावर झेलून बघायची. "तुझा पगारपण असाच दिसतो, आल्यावर कळत नाही आला का नाही."

मनिष हसून पाय धुवायला जायचा. मी मात्र पेटीत विचार करत पडायची. वजन वाढत नाही हे खरंच की. मग हे सगळं जातं कुठे? आणि हिरवी खूण खोटी असेल तर? खूण काय, कुणीही करेल. मला कधी कुणी उघडून वाचलं होतं का? नाही. एकदाही नाही.

असे काही सण गेले. काम चालू होतं, कौतुकही व्हायचं. भारतीताई पाहुण्यांना सांगायची, "आमचा डेटा एकदम सेफ आहे हो." मी वायरीवर जरा ताठ बसायची.

आणि मग तो दसरा आला.

दसऱ्याला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. छिन्न्या, हातोड्या, कानस, मशीन, सगळं पुसून मांडतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतं, एक दिवस बसू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी नारळाचं पाणी शिंपडून मगच उचलायचं. सुदामकाकांचा हा नियम त्यांच्या वडिलांपासूनचा.

आदल्या दिवशी काकांनी मनिषला विचारलं, "मन्या, तुझी दुसरी डबी कुठे?"

"तांबडी? घरी आहे काका. ती घरीच असते."

"उद्या आण. पूजेला एकही हत्यार बाहेर राहिलेलं चालत नाही. रुसतं ते."

"काका, दोघी एकत्र ठेवायच्या नाहीत. तोच तर..."

"एक दिवस," भारतीताई मध्ये पडली. "मनिष, एक दिवसाने काय होतंय? बाबांचं मन राहील."

मनिषने मान डोलावली. नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना. आणि खरं सांगू का, मलाही आनंद झाला होता. तांबडीला मी दुकानानंतर धड बघितलंच नव्हतं. दारात भेट व्हायची, एक आत, एक बाहेर.

दसऱ्याला आम्हा दोघींना एका ताटात मांडलं. आपट्याची पानं खाली, आम्ही वर. काका म्हणाले, "यांचा दिवा लागतो ना? मग पूजेत लागलेला हवा. मेलेलं हत्यार मांडतात का कुणी?" म्हणून मनिषने आम्हा दोघींच्या वायरी सर्व्हरला जोडल्या. दोन निळे दिवे, मध्ये झेंडू. भारतीताईने फोटोही काढला. छान दिसत होतो.

आरती झाली, पेढे वाटले, कामाची पोरं घरी गेली. मनिषही तलासरीला निघाला, घरी बायजी वाट बघत होती. जाताना त्याने वायरीकडे बघितलं. हात पुढे केला.

"हात लावू नकोस," काका म्हणाले. दिसत नसूनही त्यांना बरोबर कळलं.

दुपार कलली तसं आकाश भरून आलं. भाताच्या कापणीच्या तोंडावर येतो ना, तसला बिनबोलावता पाऊस. समुद्राकडून गडगडाट सुरू झाला. कारखान्यात काका खुर्चीत आणि भारतीताई प्रसादाची भांडी आवरत होती. तिचा फोन वाजला. मनिष चारोटीच्या पुढे कुठेतरी थांबून बोलत होता, मागून ट्रकचे आवाज.

"ताई, तिकडे विजा आहेत का? सर्व्हरचं मेन बटण बंद कर. आणि दोघींच्या वायरी काढ. आधी वायरी काढ."

"अरे, बाबा इथे बसलेत. पूजा मांडलेली आहे."

"ताई, लाईनीवर वीज पडली तर सर्व्हर जाईल, आणि वायरीतून दोघीपण जातील. मग कुठेच काही राहणार नाही. काकांचं एक चित्र राहणार नाही."

भारतीताई फोन कानाला तसाच धरून उभी राहिली. मित्रांनो, मी ताटात होते, मला तिचा चेहरा दिसत होता. नियम मोडावा तर समोर बाप, न मोडावा तर त्याच बापाचं सगळं आयुष्य वायरीला लटकलेलं.

"बाबा," ती म्हणाली, "वायर काढू का?"

पुन्हा गडगडलं, या वेळी जवळ.

"बाबा, ऐकताय ना?"

"ऐकतोय. आयुष्यात कधी उचललेलं नाही दसऱ्याला." मग म्हणाले, "पण एका वर्षी कौलं गळायला लागली तेव्हा आमच्या बापाने ताट उचलून आत नेलं होतं. म्हणाला, काम करू नको म्हटलंय, भिजू दे असं नाही म्हटलं. उचल पोरी."

भारतीताई धावली. मी अलीकडे होते म्हणून माझी वायर आधी हाती लागली. तिने ओढली. माझा दिवा विझला. ती तांबडीच्या वायरीला हात घालणार, एवढ्यात बाहेर पांढरं झालं आणि कडाडलं. सर्व्हरमधून चट् असा आवाज आला, मग जळका वास. ताई दोन पावलं मागे. तिला काही झालं नाही, एवढं चांगलं. तांबडीचा दिवा एकदा मोठा झाला आणि गेला.

आम्ही एका ताटात जेमतेम एक दिवस होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मनिष आला, कुणाचा तरी कॉम्प्युटर मागून घेऊन. सर्व्हर उघडून बघितला. मग बंद केला. तांबडीला कानाला लावून हलवलं. खाली ठेवलं. शेवटी माझ्याकडे वळला.

"हिच्यात सगळं आहे ना?" भारतीताईने विचारलं.

"असायला पाहिजे."

"असायला पाहिजे म्हणजे?"

"ताई, मी रोज हिरवी खूण बघायचो. आत उघडून कधी बघितलं नाही."

"कधीच नाही?"

"डबा भरलेला दिसला, झाकण लावलं."

काका खुर्चीतून म्हणाले, "लोणच्याचापण डबा मधूनमधून उघडून बघतात रे."

मनिषने मला जोडलं. सॉफ्टवेअरने सांगितलं, यादी सापडत नाही. कुठलं गाठोडं कुठे ठेवलंय याची यादी सर्व्हरवर होती, ती सर्व्हरबरोबर जळली. आता मला पहिल्यापासून शेवटपर्यंत चाचपून ती नव्याने बनवायची. मित्रांनो, तो दिवस मी विसरणार नाही. आजवर माझ्यात सगळे फक्त घालत आले होते. आता पहिल्यांदा कुणीतरी हात घालून शोधत होतं. मी घाबरले होते आणि मला प्रचंड उत्सुकताही होती. आहे का काही? का मी इतकी वर्षं रिकामी मिरवत होते?

जेवणं झाली. चहा झाला. दुपारनंतर स्क्रीनवर एक ओळ आली, मग दुसरी, मग भराभर.

"आलं," मनिष म्हणाला. एवढंच. आणि शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

मग तो गोंधळला. "ताई, कुठल्या तारखेचं आणू?"

"म्हणजे?"

"एकाच चित्राच्या खूप तारखा आहेत इथे. तू चित्र बदललंस की हिने नवं घेतलं, पण जुनं टाकलं नाही. जुनं पुसायचं सेटिंग मला जमलंच नव्हतं. म्हणून तर ही भरत आली होती."

काका सरळ बसले. "जुनं आहे? भारतीने नीट करायच्या आधीचं?"

भारतीताईने वडिलांकडे बघितलं. आता मला कळलं ते तुम्हाला सांगते. काकांच्या फुलात एक पाकळी नेहमी जराशी वाकडी असायची, वाऱ्याने कलल्यासारखी. ताईने कॉम्प्युटरवर ती सगळीकडे सरळ करून टाकली होती. गिऱ्हाइकाला सारखं लागतं. सरळ केलेलं जुन्यावरच सेव्ह केलं, म्हणजे सर्व्हरवर वाकडी पाकळी राहिलीच नव्हती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"डायवर बोट फिरवलं की कळतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? कारखाना तू चालवतेस. सोनार खूश होते. मला वाटलं, गेलं ते गेलं."

मनिषने पहिल्या दिवशीचं फूल काढलं आणि स्क्रीनभर मोठं केलं. काका उठून अगदी जवळ गेले, नाक काचेला टेकेल इतके. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हीच. कलली आहे ती."

"मनिष," ताई म्हणाली, "दोन्ही आण. सरळ पण, वाकडी पण. वेगवेगळ्या नावाने ठेव."

त्या आठवड्यात मशीनवर पहिली डाय निघाली ती वाकड्या पाकळीची. कुठल्या गिऱ्हाइकाने मागितलेली नव्हती.

तर मित्रांनो, माझ्या पोटात फुलं होती. मला आत्ता आत्ता कळलं. तुमच्याही घरी कपाटात माझी एखादी बहीण असेल, कुणाचे फोटो, कुणाचा आवाज सांभाळत पडलेली. नुसतं ठेवलं म्हणजे सांभाळलं असं समजू नका. तिला उघडा. एखादी वस्तू मागून बघा, ती देते का ते बघा. तिच्यासारखी दुसरी करा आणि ती लांब, दुसऱ्या घरी ठेवा, सण असो नाही तर लग्न असो. आणि जुनं पुसण्याआधी ज्याचं आहे त्याला एकदा विचारा. तो बोलत नाही म्हणजे त्याला चालतं, असं नसतं.

आता माझ्या जोडीला नवी आली आहे, हिरवी. तिला पेटीत ठेवून बायजी तिचीही चौकशी करते म्हणे. मी म्हातारी झाले, फिरताना घरघर करते. पण महिन्यातून एकदा मनिष मला जोडतो आणि विचारतो, "काका, आज कुठलं काढू?" काका डोळे मिटून आठवतात आणि एक चित्र सांगतात. आज त्यांनी मोराच्या पिसाचं सांगितलंय, ताईच्या आईसाठी काढलेलं. ते माझ्यात आहे का, मला खरंच माहीत नाही. दिवा लागलाय. काकांनी खुर्ची जवळ ओढली आहे. मनिष शोधायला लागलाय.