मशीनचा चष्मा

सोमीच्या हाताखालचं मशीन सोलर सेल कापायचं, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडानं. लेझर म्हणतात त्याला. ना सुरी, ना करवत, तरी पातळ चकती आखल्या रेघेवर कापली जायची. त्या उजेडापासून डोळे सांभाळायला कंपनीनं हिरवट चष्मे दिले होते. बोईसरच्या नोकरीनं सोमी थोडी शहाणी झाली होती, आणि अर्धवट शहाणपणासारखं वाईट काही नाही. पंच्याण्णव सालची दिवाळी, त्यात सूर्यग्रहण. तिच्या सहा वर्षांच्या लेकीनं, पारूनं, ते बघायचा हट्ट धरला, तेव्हा सोमीनं आदल्या संध्याकाळी एक जादा चष्मा पिशवीत घालून घरी नेला. चकती कापणारा उजेड जो अडवतो, त्याच्यापुढं सूर्याची काय मिजास?

ऑर्डर तातडीची, म्हणून त्या दिवशीही सकाळची पाळी चालू होती. कृष्णकांत साहेबांनी ग्रहणात सेलची वीज कशी कमी होत जाते ते दाखवायला एक सेल बाहेर उन्हात मीटरला जोडून ठेवला. सगळे जमले. शेजारच्या मशीनवरच्या चिंधूनं वर बघायला मशीनचा चष्मा चढवला, तर साहेबांनी तो ओढूनच काढला.

"हा फक्त लेझरचा उजेड अडवतो. सूर्याचा यातून आत जातो. डोळा आतून जळेल, आणि जळताना दुखणारसुद्धा नाही."

 कुणाला न विचारता सोमी गेटबाहेर पडली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, रिक्षा कुठली मिळणार? रेल्वे फाटकापलीकडच्या आपल्या पाड्याकडं ती धावत सुटली. ऊन फिकं पडत चाललं होतं. पारू आता बघत असेल, या क्षणी बघत असेल, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

घराला बाहेरून कडी होती. आत पारू रडत होती.

"आजीनं कोंडलंय. मला बघूच दिला नाय."

सोमीनं पोरीला छातीशी धरलं, तिचे डोळे पुन्हा पुन्हा न्याहाळले. जीव भांड्यात पडला. सासूच्या जुन्या समजुतींना आजवर तिनं नाकं मुरडली होती. आज त्या म्हातारीचे पाय धरावेत असं तिला वाटलं.

सासू, बुधी, मागच्या अंगणात बसली होती. डोळ्यांवर हिरवट चष्मा.

"आलीस? पोरीला एकदम कसा देऊ? म्हटलं, आधी मी बघून घेते. मगासधरून बघतेय, कायबी दुखत नाय. तू आणलेला चष्मा चांगला हाय."

तिनं चष्मा काढून पुढं केला. सोमी समोर उभी होती, म्हातारीचा हात मात्र बाजूला गेला.

"मधीच काळा ठिपका आलाय गो, तुझा तोंडच दिसत नाय. ग्रहण सुटला का जाईल ना?"