दर्शनाची अठ्ठेचाळीस मिनिटं

बाहेर

कोलशेतला नयनची हळद होती आणि रत्नदीपला उशीर होत होता. गोष्ट सुरू झाली ती एवढ्यावरून.

शीळफाट्याजवळच्या ऑफिसात दोघांचं काम एकच. जुन्या सर्व्हरवर चालणारी आभासी मशीनं उचलून नव्यावर न्यायची, तीही चालू असताना. जेवणाऱ्या माणसाला पाटासकट उचलून दुसऱ्या घरात ठेवायचं आणि त्याचा घास चुकू द्यायचा नाही, असं ते काम. अशा मशीनला ते पाहुणा म्हणत आणि सर्व्हरला यजमान.

पाहुण्याकडे स्वतःचं घड्याळ नसतं. ज्या यजमानाकडे तो जागा झाला त्याचे ठोके मोजून तो शिकतो, की इतके ठोके म्हणजे एक सेकंद. नवा यजमान तरणाबांड, ठोके सव्वापट जलद. म्हणून नेण्याआधी त्याला बजावायचं, बाबा रे, या पाहुण्यासाठी जुन्याच चालीनं चाल. एका ओळीचं सेटिंग. रत्नदीप मशीन हलवायचा आणि ती ओळ नयन तपासायचा, हा रिवाज.

आज नयन पाटावर बसलेला, नखशिखांत पिवळा. रत्नदीपनं त्याच्याही वाट्याचं 'तपासलं' लिहून टाकलं आणि बाईकला किक मारली. ओळ रिकामी होती.

आत

आत काहीच झालं नाही. पाहुणा मोजत राहिला. एक तास झाला तेव्हा तो म्हणाला, एक तास झाला. त्यानं जे मोजलं तेच सांगितलं.

बाहेर

मांडवात ठमाबाई धवलारीण लग्नाची गाणी, धवले, म्हणून दमली होती आणि आता डीजेनं ताबा घेतला होता. माडीवरच्या खोलीत नयनची बहीण दर्शना कानात कापूस घालून लॅपटॉपसमोर बसली होती. नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा, घरूनच द्यायची, एका तासाची. तारीख बदलून मिळाली नव्हती आणि हळद पुढं ढकलली गेली नव्हती.

रत्नदीपच्या गालांना कुणीतरी हळद फासली. तेवढ्यात दर्शना जिन्यावरून धावत खाली आली.

"बंद झाली! मध्येच बंद झाली परीक्षा! शेवटचा भाग उघडलापण नव्हता मी!"

डीजे थांबला. तिचे बाबा, गोविंदाशेठ, हसत पुढं आले. "अगो पोरी, हलदीच्या दिशी परीक्षा कोन देतं? नाचाच्या नादान येल कवा गेली ते समजलं नाय तुला."

"बाबा, मी भिंतीवरचं घड्याळ बघितलेलं. अठ्ठेचाळीस मिनिटंच झालेली."

"घड्यालाला पन हलद चढली असंल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. नयनसुद्धा हसला, हळदीच्या भांड्यावर वाकून.

अठ्ठेचाळीसची सव्वापट साठ. रत्नदीपला कागद लागला नाही. दुपारी हलवलेलं मशीन परीक्षा घेणाऱ्या संस्थेचंच होतं, तेही आठवलं.

इथे तो बोलला

"काका, ती खरं सांगतेय. घड्याळ आमचं चुकलं, माझ्यामुळे."

गोविंदाशेठनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. नयननं शिवी घातली आणि

नाही.

असं झालं नाही. रत्नदीप मांडवामागं गेला, पिवळ्या बोटांनी फोन उघडला आणि पाहुण्याला गुपचूप जुन्या यजमानाकडे परत नेलं. परत आला तेव्हा डीजे सुरू झाला होता. दर्शना पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होती. नयनच्या ऑफिसातला, कॉम्प्युटरमधलं कळणारा माणूस म्हणून बघत असेल. निदान हा तरी काही म्हणेल म्हणून.

"होतं असं कधीकधी," तो म्हणाला. "नेटमुळे."

लग्नघरात विघ्न नको, असं त्यानं स्वतःला समजावलं. मग लग्न झालं, मग पूजा, मग नयन फिरायला गेला. परीक्षेला बसलेल्या बाकीच्या पोरांच्याही तक्रारी संस्थेकडे गेल्या. संस्थेनं मशीनमधली वेळ तपासली. आत तास पूर्ण भरलेला. प्रत्येकाला एकच उत्तर गेलं: तुमचं नेट.

तोवर घरात दर्शनाचं नावच पडलं होतं, अठ्ठेचाळीस. "अठ्ठेचाळीस, चहा आन गो." नयनच्या नव्या नवरीलाही पाठ झालं.

बाहेर, उशिरा

शेवटी रत्नदीपनं ऑफिसातल्या वरिष्ठ मृणाल मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, "तू त्या मांडवात होतास?" संस्थेनं पुन्हा परीक्षा जाहीर केली. मग तो कोलशेतला गेला.

त्या न तपासलेल्या ओळीपासून सगळं दर्शनानं ओटीवर उभ्या उभ्याच ऐकून घेतलं.

"चूक होते, दादा. माझ्यापण होतात," ती म्हणाली. "पण मी घड्याळ बघून सांगत होते, आणि सगळे हसत होते. तुला एकट्याला माहीत होतं ना, की मी खरं सांगतेय?"

"हो."

"आणि मग मलाच वाटायला लागलं, की माझंच काहीतरी चुकलं असेल. बाबा म्हणतात तसं."

आतून गोविंदाशेठ आले, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "च्या घेऊन जा." तो चहा न घेताच निघाला. माजिवड्याच्या सिग्नलला मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा त्याला कळलं, की हिरवा होऊन बराच वेळ झालाय.

पुन्हा परीक्षा झाली त्या दिवशी त्यानं नयनला फोन केला.

"बाबा भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन तिच्या दारात बसलेले," नयन म्हणाला. "गल्लीत कुत्र्याला भुंकू दिलं नाय."

"पूर्ण वेळ मिळाला ना?"

"मिळाला. सगळा पेपर लिहिला."

"काही बोलली?"

"एकच विचारत होती. या वेळी ती ओळ कोणी तपासली."

"मृणाल मॅडमनी," रत्नदीप म्हणाला.

"मग बरं," नयन म्हणाला.