दसऱ्याला मारलेले शिक्के

पद्मजाताई दिल्लीत पहाडगंजात वधूवर केंद्र चालवतात. कोजागिरीला मेळावा होता, हॉलचा ॲडव्हान्स भरलेला, आणि साठ घरांना प्रवेशपत्रिका पोस्टाने जायच्या होत्या. तिकिटं चिकटवायचं काम नवऱ्याकडे. पण हरीशराव पडले रिटायर्ड सेक्शन ऑफिसर. तिकिटाला थुंकी लावणं हे शिपायाचं काम! म्हणून त्यांनी गुरुग्रामहून अंकुर नावाचा सेल्समन बोलावला.

त्याने डायनिंग टेबलवर फ्रँकिंग मशीन ठेवलं. "सर, बस लिफाफा डालिए, टिकट की जगह ठप्पा छप जाएगा. एकदम कॉर्पोरेट!"

"किराया?" ताईंनी विचारलं.

"सिर्फ ढाई हजार महीना, मॅडम."

"स्याही?"

"वो अलग."

"रिपेअर?"

"वो भी अलग. और डाक का पैसा पहले से मशीन में भरना पडेगा."

"तो ढाई हजार में क्या आता है?"

"मशीन!" हरीशराव ठणकावून म्हणाले आणि तीन वर्षांच्या करारावर सही ठोकली. केंद्राचं टपाल वर्षातून दोनदा जातं.

परवाना वगैरे होऊन मशीन नवरात्रात सुरू झालं.

"आजच शिक्के मारा आणि टाकून या," ताई म्हणाल्या.

"अगं, नवं यंत्र! मुहूर्त नको?"

दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार पडला, हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. मग साठ पाकिटांवर खटाखट शिक्के. प्रत्येक शिक्क्याला हरीशराव स्वतःच "वा!" म्हणत होते. पिशवी घेऊन ते पोस्टात गेले, तर कुलूप. जन्मभर सरकारी सुट्ट्या चवीने उपभोगलेला माणूस नेमकी दसऱ्याची सुट्टी विसरला!

दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी पाकिटं परत सरकवली. "ठप्पे पर कल की तारीख है. जिस दिन की तारीख, उसी दिन डालना होता है."

"लेकिन कल तो आपकी छुट्टी थी!"

"तो कल ठप्पा क्यों मारा?"

हरीशरावांनी मग पैसे परत मागितले. पैसे परत हवे तर अर्जासोबत सगळी पाकिटं जमा करा, असं कळलं. मशीनमधला बॅलन्स संपलेला. अंकुर फोनवर म्हणाला, "रिचार्ज में दो दिन लगेंगे, सर. मैं आ जाता हूँ. विजिट चार्ज अलग."

"आता टाकून वेळेत पोचतील कशावरून?" ताई कडाडल्या. "मेळाव्याला खुर्च्यांची लग्नं लावू? उचला पिशवी. मेट्रोने जा आणि घरोघर वाटा."

हरीशराव निघाले. रोहिणी झाली, द्वारका झाली, नोएडा झालं. शेवटच्या दिवशी गुरुग्रामच्या एका सोसायटीत गार्डने अडवलं.

"डिलिव्हरी पीछे के गेट से, अंकल."

"मैं सेक्शन ऑफिसर था!"

"तो भी पीछे से."

कचऱ्याच्या डब्यांसोबत सर्व्हिस लिफ्टने ते एकोणिसाव्या मजल्यावर पोचले. मृणाल नावाच्या उपवर मुलीने पाकीट घेतलं, घामाघूम हरीशरावांना पाण्याची बाटली दिली आणि आपुलकीने विचारलं, "अंकल, फाइव्ह स्टार कुठे द्यायचे?"