पांढरी प्लेट

"नंदिनी, या पांढऱ्या प्लेटा फेकून दे," तिचे गाइड, सर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात सेमिनारला सगळ्यांसमोर फक्त लाल दाखवायच्या. समजलं?"

समजलं कसलं! नंदिनी रामटेकेचं डोकंच फिरलं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात पीएच.डी. करणारी ही पोरगी गडचांदूरकडच्या चुनखडीच्या खाणीतून दगड आणायची आणि त्यांच्यावरचे जिवाणू काचेच्या प्लेटांत वाढवायची. तिचा बाप श्रीहरी जन्मभर तिथेच राबला. उन्हात भाजणाऱ्या त्या दगडांवर लाल जिवाणू मजेत जगत होते. अतिनील किरणांच्या दिव्याखालीही मरेनात. त्यांचा लाल रंगच त्यांना वाचवतो, हे सरांचं लाडकं म्हणणं. पण त्याच कुळातले, रंग हरवून बसलेले पांढरे जिवाणूही दिव्याखालून जिवंत निघाले. कमी निघाले, पण निघाले!

"दिव्यानंतर प्लेटा अंधारात होत्या का?" सरांनी विचारलं. "साधा उजेड मिळाला तरी किरणांची जखम भरून निघते. तुझे पांढरे तसेच वाचले असणार."

नंदिनीला आठवलं. लाइट गेली म्हणून तिनेच प्लेटा खिडकीशी नेल्या होत्या. चूक तिची होती. पण म्हणून फेकायच्या? छे! पुन्हा करून बघायचं.

"बाबा, तुमची जुनी छत्री पाह्यजे मले."

"काऊन वो? पाणी तं नाई."

"प्लेटा झाकाच्या हायेत. उजेड नाई लागला पाह्यजे."

श्रीहरीने छत्रीचं काळं कापड स्वतःच काड्यांपासून उसवलं. "घे. खदानीत उनापासून मले हिनंच वाचवलं."

या वेळी प्लेटा काळ्या कापडात घट्ट गुंडाळल्या होत्या. जिवाणूंचे पांढरे ठिपके आणखी कमी उगवले, पण उगवले! सरांचं अर्धं खरं होतं. रंगाचा आधार होताच. पण सगळा जीव काही रंगात नव्हता. नंदिनीला हसू आलं आणि रागही.

"या पांढऱ्या दाखवल्यास तर दुसरा गाइड शोध," सर म्हणाले.

"शोधतो, सर. पण हे मी लपवनार नाई."

सेमिनारच्या दिवशी तिने लाल प्लेट दाखवली, तेव्हा सरांनी मान डोलावली. मग तिने काळं कापड सोडलं आणि पांढरी प्लेट शेजारी ठेवली. सर उठून निघून गेले. तरी ती शेवटपर्यंत बोलली.

मागच्या बाकावर बसून सगळं ऐकलेला श्रीहरी आता बाहेर तिची वाट पाहत होता. डोक्यावर ऊन रणरणत होतं. त्याने तिच्या हातातलं ते काळं कापड घेऊन तिच्या डोक्यावर टाकलं.

"चाल माय," तो म्हणाला, "दुसरा सर पाहू."