रेशमावरचे पाय

मियाझूच्या बंदरात त्या काळी पॅरिसला जाऊन आलेला एकच माणूस होता, आणि गावानं त्याचं नाव ठेवलं होतं ‘लोणी’. का, तर तो पावाला लोणी फासून खायचा आणि त्याच्या तैलरंगांनाही तसलाच परका वास यायचा. खरं नाव इसोगाई शुन्साकु, धंदा चित्रकाराचा. चार वर्षं तिकडे राहिला. परतला तेव्हा त्याची बायको रिये क्षयानं जाऊन दीड वर्ष झालं होतं. संध्याकाळच्या बोटीचा भोंगा वाजला की ती रोज धक्क्यावर जाऊन उभी राहायची, असं शेजारी सांगत. ते निघालं की शुन्साकु विषय बदली.

पुढे त्यानं किनुएशी लग्न केलं. किनुए मागावर रेशीम विणायची, आणि तिची जीभ धोट्यापेक्षा जलद चाले.

डोंगराखालच्या मठात भुताचा एक जुना रेशमी पट होता. ऑगस्टात पितरांचे दिवस आले की तो टांगायचा आणि गावानं बघून अंगावर काटा आणून घ्यायचा. तेवढाच उकाड्यात गारवा. त्या वर्षी पेटी उघडली तर कसरीनं भुताचं डोकं खाऊन टाकलेलं.

“नवा काढून दे,” मठाचे म्हातारे गेंशू बुवा म्हणाले. “पण पाय काढायचे नाहीत. कमरेखाली नुसतं धुकं.”

“का, बुवा?”

“का म्हणजे? आपल्या भुतांना पाय नसतात, म्हणून तर ती टांगल्या जागी राहतात! दीडशे वर्षांत आमचं भूत कधी दारापर्यंत गेलं नाही. गरीब बिचारं.”

शुन्साकु कामाला बसला. वरचं अंग त्यानं वाडवडिलांच्या रीतीनं काळ्या शाईत, एकेका दमात ओढलं. चेहरा काढताना हात आपोआप चालला, आणि थांबला तेव्हा रेशमावरून रिये बघत होती. मग धुक्याची पाळी आली, आणि तिथं घोडं अडलं. पॅरिसच्या गुरूनं त्याच्याकडून अख्खा हिवाळाभर पायच काढून घेतले होते. ज्याला पाय नाहीत तो चित्रात उभा नसतो, वाळत घातलेला असतो, असं तो म्हणायचा. शुन्साकुनं तैलरंग काढले. पाय काढायचे ठरले, पण रियेचे पाय कसे होते? संसार केला नऊ वर्षं, आणि त्याला एक नख आठवेना.

मग त्यानं किनुएला खोक्यावर बसवलं.

“अहो, भुताला माझे पाय?”

“पाय काय, सगळ्यांचे सारखेच.”

“बायकोला असलं ऐकवायला पॅरिसला जावं लागतं होय!” ती म्हणाली, पण बसली. चेहरा कुणाचा ते तिनं विचारलं नाही. ओळखला असावा.

पाय असे उतरले की हात लावला तर ऊब लागेल. निळ्या शिरा, टाचेची भेग, डाव्या करंगळीवरचा मागाच्या पावडीनं पाडलेला जुना व्रणसुद्धा. आणि पायांखाली सावली. आपल्याकडे चित्रात सावली कोण काढतो? यानं काढली.

“लोण्या, मेल्या, पाय काढलेसच ना!” बुवा ओरडले. पण दिवस तोंडावर आलेले, दुसरा पट आणणार कुठून? टांगला.

तेराव्या तारखेला गावानं दारोदार अंबाडीच्या काड्या पेटवून पितरांना वाट दाखवली. चौदाव्याला सकाळी बुवा शुन्साकुच्या दारात हजर.

“चल, बघ येऊन. तुझ्या भुताच्या पायांना वाळू लागलीय.”

शुन्साकुनं जाऊन पाहिलं. टाचेच्या भेगेत समुद्राची ओली वाळू होती. त्यानं ती चिंधीनं पुसली आणि उंदरांवर ढकललं. घरी आला तर किनुए मागावर बसून पाय चोळत होती. “बोटं बधिर झालीत हो. पावडी लागतच नाही पायाला.”

पंधराव्याला सकाळी रेशमावरच्या तळव्यांना निळं पाणी लागलं होतं. तसं निळं पाणी गावात एकाच ठिकाणी वाहतं, रंगाऱ्याच्या गल्लीत. आणि ती गल्ली शुन्साकुच्या घराकडे येते. त्या दिवशी किनुएचे पाय घोट्यापर्यंत गार पडले.

सोळाव्याला तळव्यांना राख होती, अंबाडीच्या काड्यांची. शुन्साकु धावत घरी आला. उंबऱ्याबाहेर त्यानं स्वतः पेटवलेल्या काड्यांच्या राखेत दोन पावलं उमटली होती, डाव्याची करंगळी व्रणाची. आत माग बंद होता. किनुए भिंतीला टेकून बसलेली, आणि गुडघ्याखाली तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्यानं सुई टोचली. ती त्याच्याकडे बघत राहिली.

बुवा मागून धापा टाकत आले. “पायांना घर ठाऊकच असणार. कुणाचे आहेत! पण उंबऱ्याशी का थांबली?”

“राखेच्या पायांनी वर कशी येईल?” किनुए म्हणाली. “चांगल्या घरची होती ती. कुणी पाय धुवायला पाणी दिलं की येईल.”

शुन्साकुनं सुरी उचलली. “खालचं रेशीमच कापून टाकतो.”

“काप की,” बुवा म्हणाले. “पण कुणाचे कापशील, ते आधी बघ.”

त्यानं किनुएच्या पायांकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

“अहो, असे पुतळ्यासारखे उभे राहू नका,” किनुए म्हणाली. “जोड्यांच्या कपाटात, अगदी तळाला, तिच्या खडावा आहेत. मी टाकल्या नाहीत. ती अनवाणी किती दिवस हिंडणार?”

त्यानं त्या काढल्या. लाकडावर बोटांचे काळे खळगे पडले होते. “बघा, अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब,” किनुए म्हणाली. “असली बाई नवऱ्याच्या वरचढ निघते म्हणतात. कुठली निघतेय! तुम्ही इथं होतात कुठे?”

आपल्याकडे पाहुण्याच्या खडावा तोंड बाहेर करून मांडल्या, की पाहुणा समजतो, उठायची वेळ झाली. दिवस मावळताना शुन्साकुनं पितरांच्या निरोपाचा जाळ पेटवला, उंबऱ्याबाहेर खडावा मांडल्या, तोंड धक्क्याकडे केलं, आणि आत येऊन दाराकडे पाठ करून बसला. बोटीचा भोंगा वाजला. दारात लाकूड खट् झालं. मग दुसरं. बराच वेळ काहीच नाही. कुणी पाठीकडे बघत उभं असावं तसं. वळावं असं त्याला फार वाटलं. पॅरिसला जाताना बोटीवर चढला तेव्हाही तो वळला नव्हता, तसाच आताही वळला नाही. खट् खट् आवाज गल्ली उतरून गेला.

“मुंग्या!” किनुए ओरडली. “अगं आई गं, पायांत मुंग्या आल्या!” आणि रडत, हसत ती उभी राहिली.

सकाळी मठात पट कोरा होता. चेहरा नाही, अंग नाही, पाय नाहीत. खाली तेवढी शुन्साकुनं काढलेली सावली उरलेली. बुवांनी तो तसाच टांगून ठेवला, आणि लोक आधीपेक्षा जास्त घाबरू लागले.

चार दिवसांनी किनुए न्हाऊन बाहेर आली. जमिनीच्या फळ्यांवर तिची ओली पावलं उमटली. शुन्साकुनं ती पाहिली आणि वाकून पुन्हा पाहिली. डाव्या करंगळीवर व्रण नव्हता. अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब होतं.

माग पुन्हा चालू झाला, फक्त ठेका बदलला. आणि संध्याकाळी बोटीचा भोंगा वाजला की पावड्या मध्येच थांबतात, पाय आपसूक धक्क्याकडे वळतात.

“अहो,” किनुए विचारते, “कुणाची वाट बघतायत हे?”

शुन्साकु हातातलं काम टाकून येतो, जमिनीवर बसतो आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत ते दोन्ही पाय मांडीवर धरून ठेवतो. आता त्यांचं नख न् नख त्याला तोंडपाठ आहे.