कडूबाईची रिळं

"तेरा सेकंद कापा, एवढंच तर म्हणतोय. बाकी सगळं राहू द्या," असं म्हणून दिग्विजयनं हातातला मोबाइल काउंटरवर पालथा ठेवला.

दीपमाला म्हणाली, "कापणार नाही."

येडशीच्या स्टेशन रोडला दीपमालाचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, झेरॉक्स, लॅमिनेशन यांवर दुकान चालतं, पण तिचा जीव आतल्या खोलीत. तिथल्या जुन्या फ्रीजमध्ये दूध-भाजी काही नसतं, नुसती फिल्मची रिळं असतात. पन्नास-साठ वर्षांमागं जिल्ह्यात कुणा डॉक्टरकडं, कुणा इंजिनिअरकडं, कुणा बड्या शेतकऱ्याकडं चावीचा फिल्म कॅमेरा असायचा. बारसं, लग्न, यात्रा, दारात आलेला नवा ट्रॅक्टर, असलं घरचं घरच्यांनीच टिपलेलं. पुढं प्रोजेक्टर मोडले, माणसं गेली, आणि रिळं माळ्यावर पडून आंबली. आंबली म्हणजे खरोखरच आंबली. बिघडलेल्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आखडते, बोट लावलं तरी तुटते. अशी रिळं गावोगाव फिरून गोळा करायची, मऊ कापडानं फूट-फूट पुसायची, मग दाते घासून गुळगुळीत केलेल्या प्रोजेक्टरवरून हळूहळू सरकवत एकेक चित्र कॅमेऱ्यात उतरवून घ्यायचं, हा उद्योग ती बारा वर्षं करत होती. कुणी येडी म्हटलं की म्हणायची, "मग येडशीत राहून दुसरं काय होणार?"

दिग्विजयच्या घरची रिळं तिला बब्रुवान भंगारवाल्यानं आणून दिली होती. बेंबळीकडच्या त्या तालेवार घरानं नवा बंगला बांधताना जुन्या पेट्या भंगारात काढल्या, त्यातल्या एका पत्र्याच्या डब्यात ही अकरा रिळं निघाली. दोन वर्षं खपून दीपमालानं त्यांत जीव आणला आणि आनंदाच्या भरात तिनंच दिग्विजयला फोन केला. त्याच्या आजोबांची, आबासाहेबांची, जन्मशताब्दी तोंडावर आलेली. गडी हरखला. म्हणाला, "मांडवात मोठ्या पडद्यावर लावू. वर लिहा, चित्रीकरण : आबासाहेब."

ती लिहायलाच बसली होती. पण लिहिता लिहिता थबकली. आबासाहेब तर दर रिळात समोरच होते. विहिरीच्या काठावर आबासाहेब, सोनारीच्या यात्रेत आबासाहेब, ट्रॅक्टरच्या सीटवर मिशीला पीळ देणारे आबासाहेब. मग कॅमेरा कुणाच्या हातात होता?

उत्तर सातव्या रिळात होतं. पोळ्याची संध्याकाळ. आबासाहेब बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभे, ऊन उतरलेलं, आणि त्यांच्या पायापाशी टिपणाऱ्याची सावली पडलेली. कोपरं बाहेर, डोळ्याला पेटी, आणि डोक्यावरून घेतलेला पदर. तेरा सेकंद.

तिनं बब्रुवानला विचारलं. बब्रुवान त्याच गावचा, सत्तरीतला. सावली बघताच म्हणाला, "कडूबाई ती. आबासाहेबाची धाकटी बहीण. एकुणिसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी आली. आता सोनारीला आजोळी असती. तिचं नाव त्या घरात काढत न्हाईत."

दुसऱ्याच रविवारी दीपमाला लॅपटॉप पिशवीत घालून सोनारीला गेली. भैरवनाथाच्या देवळामागं दोन खोल्या, दारात शेळी, आणि ओसरीवर तूर निवडत बसलेली ऐंशी पार केलेली कडूबाई. दीपमालानं काही न सांगता सातवं रीळ लावलं. म्हातारीनं चष्मा पुसला, बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आगं माय, पडलीच की सावली! उजेड पाठीशी घ्यायचा न्हवता, तवाच मला शंका आलती."

दीपमालाला हसू आवरेना. "म्हणजे हे तुम्हीच काढलंय, आजी?"

"मंग कोण काढणार? दादानं हौसंनं आणला, पर त्याला रीळ घालायचं जमंना. बोटं जाड. म्या कागदावरली चित्रं बघून शिकले. चावी दिली की पस्तीस मोजंस्तवर चालायचं. अर्ध्यावर रीळ काढून उलटं घालावं लागायचं, तवा उजेड लागू नये म्हणून म्या गोधडीत डोकं खुपसून बसायची. वहिनी म्हणायची, कडू आत रडती का काय!" ती पडद्याकडं बोट करून म्हणाली, "आता फुडं म्हैस यील बघ. तिनं दादाचं धोतर धरलं, म्या हसले, अन् समदं हाललं."

म्हैस आली. धोतर धरलं. चित्र गदगदा हललं. ते हलणं यंत्राचा दोष समजून दीपमालानं महिनाभर डोकं फोडलं होतं.

"मग बंद का केलंत?"

कडूबाईनं तुरीतला खडा वेचून अंगणात टाकला. "जमिनीचं हक्कसोड लिहून दे म्हणला दादा. म्या न्हाय म्हणले. दुसऱ्या दिशी कॅमेरा कपाटात अन् म्या येष्टीत."

तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं.

म्हणूनच आज, तिनं पाठवलेली फिल्म आणि वरचं कडूबाईचं नाव मोबाइलवर बघून, दिग्विजय काउंटरपलीकडं उभा राहून कात्रीची भाषा करू लागला, तेव्हा दीपमालाचं उत्तर तयार होतं. तो म्हणाला, "ती बाई आमच्या घरातली राहिली नाही, ताई. लोक विचारतील ही कोण. जमिनीचा नसता फाटा फुटायचा. आणि रिळं आमची आहेत, पोलिसात जाईन मी."

"जावा. भंगारात तुमच्याच हातानं टाकली, बब्रुवानकाका साक्षीला आहेत. तरी पाहिजेत तर आत्ता फ्रीजमधून काढून देते, दिग्विजयराव. थंड जागेत ठेवा, न्हायतर वर्षात भुगा होईल. पण कात्री मी लावणार नाही, आणि खोटं नाव माझ्या हातानं लिहिणार नाही."

"ह्या गावात धंदा करायचाय ना तुम्हाला?"

"करतेच आहे की."

तो पाय आपटत गेला. रिळं त्यानं नेली नाहीत. त्याला रिळं नकोच होती, सोयीचे आबासाहेब हवे होते. तो गेल्यावर मात्र दीपमालाला झेरॉक्सचा कागद मशीनमध्ये सरळ बसवता येईना. चार दिवसांत शाळेच्या ओळखपत्रांचं काम तिच्या हातून गेलं. जन्मशताब्दी फिल्मशिवायच उरकली. माणसानं खरं तर इथं गप बसावं. तिनं उलट ठरवलं की ही रिळं आबासाहेबांच्याच गावात, सगळ्यांसमोर लावायची.

गावातल्या सभागृहाला आधी होकार आला, मग "वरून फोन आला, ताई," असं सांगून नकार. बब्रुवान म्हणाला, "माझं आवार कुठं पळालंय? भिताडाला चुना मारतो."

शनिवारी दिवेलागणीला भंगाराच्या आवारात निम्मं गाव लोटलं. कुणी पत्र्याच्या पिंपावर बसलं, कुणी मोडक्या ट्रॉलीत. कडूबाई सोनारीहून एसटीनं आली, हिरवं लुगडं नेसून, आणि खुर्ची असताना सवयीनं खालीच बसली. बब्रुवाननं हाताला धरून तिला वर बसवलं. चुन्याच्या भिंतीवर पहिली अक्षरं उमटली : चित्रीकरण, कडूबाई. मागून कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. मग आवारभर कुजबुज झाली आणि थांबली.

तेवढ्यात दारात रिक्षा उभी राहिली. दिग्विजयची आई राजेश्वरी एकटीच उतरली. लोकांनी आपसूक वाट दिली. दीपमालाला वाटलं, आता ही बंद करायला सांगणार. पण राजेश्वरीबाई पुढं येऊन बसल्या.

भिंतीवर त्यांचंच लग्न चाललं होतं. नवरी मुलगी मान खाली घालून बसलेली, बाया हळद लावताहेत, मान खालीच. आणि मग एकाएकी तिनं चेहरा वर केला आणि थेट बघणाऱ्याकडं पाहून खळखळून हसली.

राजेश्वरीबाई उठल्या. भिंतीच्या उजेडात आल्या, तशी त्या नवरीची आकृती त्यांच्याच पाठीवर हलू लागली.

"तवा आत्याबाई म्हणल्या, खाली बघू नगं, राजे, माझ्याकडं बघ," त्या कडूबाईकडं हात करून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "साऱ्या लग्नात मला वर बघ म्हणणारी एवढी एकच बाई हुती. मी पन्नास वरसं गप बसले. हे समदं ह्यांनी काढलंय. ज्याला कुणाला इचारायचं, त्यानं मला इचारावं."

कडूबाई भिंतीकडं बघतच म्हणाली, "बाजूला हो गं. मान वर केली तवा कसली देखणी दिसतीस, बघू दे लोकास्नी."

आवार हसलं. राजेश्वरीबाई डोळे पुसत येऊन तिच्याशेजारी बसल्या. बाहेर रस्त्यावर चारचाकी थांबल्याचा आवाज आला. दिव्याचा झोत भिंतीवर आडवा पडला आणि हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग दिग्विजयची हाक आली, "आई, चला. घरी चला."

पोरंबाळं मागं वळून बघू लागली. रीळ संपून भिंत पांढरी झाली होती आणि दीपमालाचा हात बटणावर होता.

राजेश्वरीबाईंनी मान वळवली नाही. "दीपमाला," त्या म्हणाल्या, "तो गाडीचा दिवा इझूस्तवर थांब, अन् परत लाव."

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला. दीपमालानं वाट बघितली नाही. झोतातच, फिक्या दिसणाऱ्या भिंतीवर, तिनं लग्न पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.