सहाशे दाबांचे अंतर

मी एक जुना रबराचा फुगा आहे. वाढदिवसाचा नव्हे, मित्रांनो. ज्याची छाती थकली, त्याच्या तोंडावर माझा मास्क धरतात आणि मला हाताने दाबतात. मी हवा आत ढकलतो. मला एवढेच येते.

तैपेईच्या एका इस्पितळात मी अकरा वर्षे काढली. सुरुवातीला नर्स मला गुणी म्हणत. मग यंत्रे आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. उरले एकच काम, दूरच्या छोट्या बेटांवरच्या मरणाऱ्या माणसांना विमानाने घरी पोचवणे. आमच्याकडे शेवटचा श्वास घरातच सुटावा लागतो. बाहेर मेलेल्याला उंबरा ओलांडू देत नाहीत, त्याचा अंत्यविधीचा मांडव अंगणात पडतो.

तैपेईचा सुंगशान विमानतळ ते नानगान बेट दोनशे दहा किलोमीटर, पन्नास मिनिटे, असे तक्त्यावर लिहिलेले असते. माझ्या लेखी ते अंतर सहाशे दाबांचे. मिनिटाला बारा.

त्साव म्हातारा नानगानचा कोळी. एप्रिलातल्या एका सोमवारी डॉक्टर म्हणाले, "आजच न्या." आकाश निळे होते, छोटे विमान तयार होते. मुलगी श्यूछिन पिशवी भरून उभी होती. थोरला वेनशेंग मात्र पंचांग उघडून बसला.

"आज प्राण गेला तर पोराबाळांना वाईट. उद्या दुपारी बाराचा मुहूर्त चांगलाय."

"दादा, हे धुक्याचे दिवस आहेत. उद्या विमान उतरलंच नाही तर?"

"तुला फार कळतं! सासरी गेलेल्या पोरीनं यात नाक खुपसू नये."

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "घरी," तो म्हणाला.

"उद्या, बाबा. उद्या."

मंगळवारी निघालो. श्यूछिन मला दाबत होती, मोजत होती. म्हाताराही माझ्याबरोबर थोडी थोडी हवा ओढत होता. साडेचारशेव्या दाबाला तो ओढेनासा झाला. मला कळले, पण मला बोलता येत नाही.

सहाशे झाले तेव्हा खाली नुसते धुके होते. वैमानिकाने तीन घिरट्या घातल्या आणि विमान मागे वळवले. परतीचे सहाशेही तिने दाबले. वेनशेंग घड्याळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी बोटीने दहा तास लागले. घराच्या दारात चुलते आडवे उभे होते. श्यूछिन गुडघ्यांवर बसली, बापाच्या तोंडावर मास्क धरला आणि मला दाबू लागली.

"काका, श्वास आहे अजून. बघा ना, छाती हलतेय."

छाती मी हलवत होतो. काकांनी म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला.

"पोरी, पाय बर्फ झालेत गं. मांडव अंगणातच."

"हात नका ना लावू, काका! तेवढं आत घ्या त्यांना."

"पुरे झाला तमाशा," म्हणत वेनशेंगने मला हिसकावून फेकले. म्हाताऱ्याला ताडपत्रीखाली ठेवले. त्याचे दार चार पावलांवर होते.

मी अजून त्याच अंगणात, फाटक्या जाळ्यांच्या ढिगात पडलो आहे. रबर तडकले आहे. धुके नसले की विमान वरून जाते, ठरल्या वेळेला.

मित्रांनो, मला उचलू नका, पुसू नका. माझे काही राहिलेले नाही. पण तुमचे कुणी "घरी" म्हणाले, तर पंचांग मिटा आणि खिडकीबाहेर बघा. आकाश निळे असेल तर आजच निघा.